दोन फुटांचा बांध : बडोद्यातील एका सोसायटीचे वाळूच्या पोत्यांचे प्रकरण

पार्श्वभूमी

विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, बडोदे शहराच्या मधोमध नागमोडी वळणे घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताकडे निघते. शहराच्या वरच्या अंगाला तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात बांधलेले आजवा सरोवर आहे; ते भरले की जास्तीचे पाणीही याच नदीत उतरते. पात्र वळणावळणाचे आणि काठ दाट वस्तीचे, त्यामुळे काळ्या घोड्याच्या पुलापाशी पाणी किती फुटांवर आले हे पावसाळ्यात बडोदेकर क्रिकेटच्या धावसंख्येसारखे एकमेकांना विचारत असतात. पंचवीस-सव्वीस फुटांच्या पुढे आकडा गेला की विचारणाऱ्याचा आवाज बदलतो.

प्रस्तुत प्रकरण नदीपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत असलेल्या 48 सदनिकांच्या एका सोसायटीचे आहे. रहिवाशांत निम्मी कुटुंबे मराठी, त्यांतली बरीचशी दांडिया बाजार आणि बाबाजीपुऱ्यातल्या जुन्या घरांतून इकडे आलेली, आणि उरलेली बहुतेक गुजराती. इमारतीला जमिनीच्या पातळीवर खांबांचा पार्किंग मजला आहे आणि त्याखाली तळघर, ज्याला तिथे सगळेच बेसमेंट म्हणतात. बेसमेंटची फरशी रस्त्यापासून 8 फूट खाली, गाड्या उतरण्याचा रॅम्प 14 फूट रुंद, जिन्याकडून खाली उतरण्याचे एक साडेतीन फुटी दार, आणि विजेचे सगळे मीटर व मुख्य पॅनेल त्या बेसमेंटच्याच भिंतीवर. इमारत बांधणाऱ्याने हे असे का केले, असा प्रश्न पुराच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकजण विचारतो आणि तीन महिन्यांनी कोणीच विचारत नाही.

सोसायटीचे व माणसांचे नाव येथे दिलेले नाही आणि ओळख पटेल असे काही किरकोळ तपशील बदलले आहेत. मी त्या रात्री तिसऱ्या मजल्यावर बहिणीकडे पाहुणा होतो. इतरांबरोबर मीही पोती वाहिली, आणि नंतर व्यवस्थापक समितीने विनंती केल्यावरून, सर्वांशी बोलून, ही नोंद तयार केली.

2019 नंतरचा निर्णय

31 जुलै 2019 रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस झाला. त्या पुरात या सोसायटीचे बेसमेंट छतापर्यंत भरले, मीटर जळाले, लिफ्टच्या खड्ड्यात गाळ बसला आणि वीज यायला आठवडा लागला. त्यानंतर झालेल्या बैठकीत तीन पर्याय पुढे आले. पहिला, मुख्य पॅनेल पहिल्या मजल्याच्या पातळीवर हलवणे. यात वीज कंपनीची परवानगी, नव्या केबल आणि मोठी वर्गणी लागणार होती. दुसरा, रॅम्पच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा बसवून त्यांत रबरी पट्टी लावलेल्या पोलादी फळ्या सरकवण्याची सोय करणे. मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका फॅब्रिकेटरने त्याचे दरपत्रकही दिले होते. तिसरा पर्याय वाळूच्या पोत्यांचा.

पोत्यांना वर्गणी लागत नव्हती, देखभाल निधीतून भागत होते. समितीने 2020 च्या जूनमध्ये सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून घेतली, अशा 300 गोण्या कंपाउंडच्या दक्षिण कोपऱ्यात रचल्या आणि इतिवृत्तात लिहिले, ‘पूर नियंत्रणाची व्यवस्था पूर्ण.’ पुढच्या चारही वार्षिक सभांत या विषयापुढे हेच वाक्य पुन्हा उतरवलेले आढळते.

या पहिल्या निर्णयात स्वस्त पर्याय निवडला हा दोष मी मानत नाही. पोती योग्य जागी योग्य कामाला उत्तम असतात. खरी चूक ही की पोती कशासाठी, कुठे, किती उंच आणि ती रचून झाल्यावर कोणी काय करायचे, यातले काहीही लिहिले गेले नाही. वस्तू विकत घेतली, म्हणजे योजना झाली, असे गृहीत धरले गेले.

26 ऑगस्टची दुपार

2024 सालची जन्माष्टमी सोमवारी, 26 ऑगस्टला आली. सकाळपासून पाऊस थांबत नव्हता. दुपारी चारच्या सुमारास समितीचे पाच सदस्य खांबांच्या पार्किंगमध्ये जमले आणि दक्षिण कोपऱ्यातील पोती रॅम्पपाशी आणायचे ठरले.

पहिले पोते दोघांनी मिळून उचलले. वरचे दोन कोपरे त्यांच्या हातात राहिले आणि बाकीचे पोते जागच्या जागी बसले. बोटांना पांढरा, पापडासारखा चुरा लागला होता आणि ओली वाळू चपलांवरून ओघळत होती. दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या पोत्याची तीच गत. सिमेंटची गोणी विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची असते. सावलीत ती वर्षानुवर्षे राहते, पण उघड्या उन्हात काही महिन्यांत तिचा जीव जातो. या गोण्यांनी चार उन्हाळे काढले होते. ताडपत्री घातली असती तरी त्या वाचल्या असत्या, आणि भरून न ठेवता रिकाम्याच घडी घालून कपाटात ठेवल्या असत्या तर त्याहून बरे झाले असते.

आता पर्याय दोनच होते. प्रयत्न सोडून देऊन बेसमेंट रिकामे करणे, किंवा नव्याने पोती भरणे. चर्चा फार झाली नाही. हाताला काम मिळावे अशी त्या वेळी सगळ्यांचीच इच्छा होती. एका हार्डवेअरच्या दुकानातून रिकाम्या गोण्या मिळाल्या. मागच्या गल्लीत एका बंगल्याचे बांधकाम चालू होते, त्याच्या मालकांनी त्यांच्या ढिगातील सव्वा ब्रासभर, म्हणजे सव्वाशे घनफूट, वाळू नेण्यास होकार दिला आणि कोपऱ्यातली फुटलेली वाळूही थोडी कामी आली. साडेपाचला सुरू झालेले काम रात्री दहापर्यंत चालले. 180 पोती तयार झाली.

भरण्याच्या कामात पहिला तास वाया गेला, कारण मंडळी पोते तोंडापर्यंत ठासून भरत होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि मुलाकडे बडोद्यात राहायला आलेले एक काका खाली आले आणि त्यांनी पन्नासेक पोती परत अर्धी रिकामी करायला लावली. ठासून भरलेले पोते लोडासारखे गोल होते आणि दोन लोडांच्या मध्ये फट राहतेच. निम्मे ते दोन तृतीयांश भरलेले पोते पायाने दाबले की भाकरीच्या पिठासारखे पसरते आणि शेजारच्या पोत्याला भिडते. तोंड घट्ट बांधायचे नाही, दुमडून खाली घ्यायचे, दुमडलेली बाजू पाण्याकडे ठेवायची आणि पुढचे पोते त्यावर चढवायचे. थर विटांसारखे सांधेमोड करून लावायचे आणि प्रत्येक थर तुडवायचा. अशा पोत्याचे वजन तीस किलोच्या आसपास भरते, म्हणजे पन्नाशीतील माणसालाही ते उचलता येते, हा त्याचा दुसरा फायदा.

प्रत्येकाच्या मनातले पोते

या प्रकरणाचा अभ्यास करताना मला सर्वांत उद्बोधक वाटले ते हे की ‘वाळूचे पोते’ हा शब्द सगळे एकच उच्चारत होते, पण प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे निराळे पोते होते आणि त्या रात्रीचे बहुतेक वाद त्यातूनच निर्माण झाले.

काकांचे पोते वनराई बंधाऱ्याचे होते. मोहन धारिया यांनी स्थापन केलेल्या वनराई संस्थेच्या नावाने महाराष्ट्रात हे बंधारे ओळखले जातात. पावसाळा संपताना ओढ्यात माती-वाळूने भरलेल्या सिमेंटच्या गोण्यांची भिंत घालायची आणि उरलेला प्रवाह अडवायचा. गुजरातेत त्यालाच बोरीबंध म्हणतात, त्यामुळे गुजराती शेजाऱ्यांनाही काकांचे म्हणणे लगेच उमगले. परंतु असा बंधारा थोडा पाझरला तरी कोणाची तक्रार नसते, कारण पाझरलेले पाणी खालच्या विहिरीला मिळते. इथे मात्र पाझरलेला प्रत्येक थेंब मीटरच्या पॅनेलकडे निघाला होता. काकांना हा फरक ठाऊक होता आणि ते पहिल्यापासून ‘आतून उपसा लागेल, पंप हवा’ असे सांगत होते, पण ऐकणाऱ्यांनी बंधारा तेवढा ऐकला आणि उपसा सोडून दिला.

तळमजल्यालगतच्या घरातील नाना ऐंशीच्या पुढचे. त्यांचे पोते 1971 चे. युद्धाच्या दिवसांत दारा-खिडक्यांसमोर वाळूच्या पोत्यांचे आडोसे उभे केले जात, काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या जात आणि संध्याकाळी दिवे झाकले जात, हे त्यांनी तरुणपणी पाहिलेले. तिथे पोत्याचे काम गोळी किंवा उडालेला तुकडा आपल्यात जिरवून घेण्याचे. वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि वेग मरतो. अशा आडोशाची उंची माणसाच्या मापाने ठरते, म्हणून नाना सारखे सांगत होते, ‘अरे, कमरेइतकी तरी करा, गुडघ्याएवढ्या भिंतीला आडोसा म्हणत नाहीत.’

दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ हौशी नाटकांचे नेपथ्य करतात. रंगमंचावर सेटच्या फळीला मागून दिलेला टेकू हलू नये म्हणून त्याच्या पायावर वाळूची पिशवी टाकतात, आणि ती पुरतेही. ‘वजन टाकले की हलत नाही’ हा त्यांचा अनुभव, आणि बेसमेंटमधील उपशाच्या खड्ड्याच्या (जिथे जमलेले पाणी पंपाने बाहेर टाकतात त्याच्या) झाकणावर आठ पोती रचण्याची कल्पना त्यांचीच. त्यावर चौथ्या मजल्यावरील डॉक्टर वहिनींनी एक प्रश्न विचारला. अँजिओग्राफीनंतर जांघेतील टोचलेल्या जागी दाब राहावा म्हणून पूर्वापार छोटी वाळूची पिशवी ठेवतात, त्या सरावातून त्यांनी विचारले, ‘पण खालून वर किती दाब येणार, ते कोणी मोजलंय का?’ त्या घाईत या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही.

उंचीचा वाद

रात्री दहा वाजता 180 पोती आणि दोन प्रस्ताव समोर होते. बहुतेकांचा आग्रह तीन फूट उंच, एकाच पोत्याच्या जाडीची भिंत घालण्याचा होता. हिशेब त्यांच्या बाजूने दिसत होता: एक पोते दाबून बसवल्यावर सुमारे दीड फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि साडेचार इंच जाड भरते, म्हणजे 14 फुटांच्या रॅम्पवर तीन फूट उंचीला सत्तर-पंचाहत्तर पोती पुरतात आणि उरलेल्यांत फाटकही अडवता येते.

काकांनी भिंतीवर खडूने आकृती काढून हे खोडून काढले. स्थिर पाण्याचा आडवा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. दोन फूट पाणी एक मीटर लांबीच्या भिंतीवर सुमारे 180 किलोचा रेटा देते. तीन फुटांना तोच 400 किलोच्या वर जातो. म्हणजे उंची दीडपट, रेटा सव्वादोनपट. त्याच वेळी पाण्यात बुडालेली वाळू पाण्याच्या वर उचलणाऱ्या जोरामुळे आपले जवळजवळ निम्मे वजन गमावते. एका पोत्याच्या जाडीची तीन फुटी भिंत कोसळण्याआधीच सरकेल. तळाची रुंदी उंचीच्या तिप्पट ठेवून वर निमुळता होत जाणारा बांध घालायचा तर तीन फुटांना पावणेतीनशेहून अधिक पोती लागतात. दोन फुटांना सुमारे 135. आपल्याजवळ 180 आहेत, तेव्हा रॅम्पवर दोन फूट, जिन्याच्या दारात उरलेली, आणि फाटकाचा विचार सोडून द्यायचा.

अर्धा तास वाद झाला. शेवटी काकांचे ऐकले गेले ते गणित सर्वांना पटले म्हणून नव्हे, तर भिजून सगळे थकले होते आणि दोन फूट म्हणजे काम कमी, म्हणून. रात्री एक वाजता बांध उभा राहिला. पाण्याच्या बाजूने ताडपत्री पसरली, तिची खालची कड पोत्यांखाली दाबली, वरची सैल ठेवली.

एक गोष्ट मात्र या वादात काकांसह सर्वांच्याच नजरेतून सुटली. बेसमेंटला हवा येण्यासाठी पूर्वेकडील भिंतीत चार झरोके आहेत, लोखंडी जाळीचे, आणि त्यांची खालची कड जमिनीपासून बरोबर 2 फूट 1 इंचावर आहे. हे माप आम्ही पूर ओसरल्यावर घेतले. तीन फुटांचा बांध कितीही उत्तम झाला असता, तरी दोन फुटांच्या वर पाणी झरोक्यांतून सरळ आत गेले असते. अर्धा तास ज्या उंचीवर भांडलो तिचा निकाल इमारत बांधतानाच लागून गेला होता.

गाड्यांचा प्रश्न

माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय पोत्यांविषयीचा नव्हताच. बेसमेंटमध्ये त्या संध्याकाळी 31 मोटारी होत्या. रस्ता रात्री दोनपर्यंत मोकळा होता आणि शहरातील अनेकांप्रमाणे गाड्या जवळच्या फ्लायओव्हरवर नेऊन लावणे शक्य होते. परंतु रॅम्पवर बांध घातला की गाडी बाहेर निघणार नाही, म्हणून रात्री साडेदहाला निरोप फिरवला गेला: ज्यांना गाडी काढायची आहे त्यांनी अकराच्या आत काढावी.

19 गाड्या निघाल्या, 12 राहिल्या. राहिलेल्यांपैकी तीन घरे बाहेरगावी होती. उरलेल्या नऊजणांशी मी नंतर बोललो, तेव्हा सात जणांनी जवळपास एकच उत्तर दिले, आणि त्यांतील एकाने ते त्या रात्रीही ऐकवले होते: ‘गाडी काढायची असेल तर मग पोती कशाला भरली?’ संध्याकाळभर ज्यांनी पाठ मोडेस्तोवर पोती वाहिली त्यांतलेच हे होते. भिंत जितकी कष्टाने उभी राहिली तितका तिच्यावरचा विश्वास वाढला. सोसायटीने काहीच केले नसते, तर कदाचित 31 च्या 31 गाड्या बाहेर निघाल्या असत्या.

याच्या उलट बाजूचा एक प्रसंगही नोंदवण्यासारखा आहे. काकांचा मनातला अंदाज असा की बांध सहा-सात तास तग धरेल. पण निरोप घेऊन ते ज्या दोन मजल्यांवर स्वतः गेले, तिथे त्यांनी ‘दोन तास टिकला तर नशीब’ असे सांगितले, आणि त्या दोन मजल्यांवरील हजर असलेल्या प्रत्येक घराची गाडी निघाली. पुढे हे कळल्यावर सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा एक मुलगा हसून म्हणाला, ‘काका, आमच्या ऑफिसात याला सँडबॅगिंग म्हणतात. आपली ताकद मुद्दाम कमी करून सांगायची.’ वाळूच्या पोत्याचा हा अर्थ काकांना नवीन होता. मला स्वतःला अशा कमी सांगण्याबद्दल थोडी अढी आहे, कारण पुढच्या वेळी तोच माणूस दोन तास म्हणाला की ऐकणारा मनात सहा तास धरेल. ‘बांध किती टिकेल ते सोडा, रस्ता दोनला बंद होईल’ एवढे खरे वाक्य तितकेच परिणामकारक झाले असते असे मला वाटते. काकांना हे मान्य नाही.

27 ऑगस्ट

पहाटे साडेतीनला पाणी फाटकातून आत आले आणि पाचला बांधाला टेकले. बांधावर पहारा देणारे आळीपाळीने बॅटरीचा झोत पाण्यावर फिरवत होते, तो पातळी पाहण्यासाठी कमी आणि मगरीच्या शंकेने जास्त. त्या तीन दिवसांत वनविभागाने शहराच्या वस्तीतून दोन डझन मगरी पकडल्या, हे पाहता शंका अनाठायी नव्हती.

पाच वाजताच पाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या वहिनींनी, कोणालाही न विचारता, जमिनीखालच्या टाकीतले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला पंप सुरू केला. साडेसहाला खबरदारी म्हणून परिसराची वीज बंद झाली, तोवर वरची टाकी भरली होती. पुढचे तीन दिवस 48 घरे त्याच पाण्यावर राहिली, कारण खालच्या टाकीत नंतर पुराचे पाणी गेले. संपूर्ण प्रकरणातील हा सर्वांत चांगला निर्णय, आणि त्यासाठी एकही पोते लागले नाही.

बांधातून पाझर येत होता, पण बादल्यांनी आटोक्यात राहील इतकाच. घात मागच्या बाजूने झाला. बेसमेंटच्या उपशाच्या खड्ड्यातील पंपाचा तीन इंची पाइप बाहेरच्या पावसाळी चेंबरमध्ये सोडलेला होता आणि त्यावर पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह नव्हता. वीज गेली, पंप थांबला, बाहेरचे चेंबर बुडालेले. तेव्हा पाणी त्याच पाइपातून परत खड्ड्यात उतरू लागले. पावणेआठला कोणीतरी खाली बॅटरी मारली, तर झाकणावरची आठही पोती जागेवर होती, पण झाकण एका कडेने उचलले गेले होते आणि त्याखालून पाणी पंख्यासारखे पसरत होते.

डॉक्टर वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. बाहेरचे पाणी खड्ड्याच्या तोंडापेक्षा 9 फूट उंच होते. दीड फूट चौरस झाकणावर खालून येणारा जोर साडेपाचशे किलोच्या वर जातो. वरची आठ पोती मिळून 240 किलोंची, आणि ती भिजली-बुडाली की त्याचेही निम्मे. पोती सोळा असती तरी भागले नसते.

त्यानंतर सूत्र बदलले. बेसमेंट वाचवण्याचा नाद सोडून त्यातले काय वर आणता येईल ते आणायचे, असे काकांनी सुचवले आणि या वेळी वाद झाला नाही. मुख्य स्विच आधीच उतरवून ठेवला होता. नऊ दुचाकी चार-चार जणांनी जिन्याने उचलून पहिल्या मजल्याच्या चौकात आणल्या. सोसायटीचे दप्तर, दोन इन्व्हर्टर आणि गणपतीच्या मखराचे सामान वर आले. दुपारी बाराच्या सुमारास पाणी बांधावरून वाहिले, पाठोपाठ झरोक्यांच्या कडेला लागले, आणि तासाभरात बेसमेंट भरले. त्या दिवशी विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली होती. फाटकापाशी पाण्याची खूण शेवटी चार फुटांवर उमटली.

बांध मात्र फुटला नाही. 29 तारखेच्या संध्याकाळी पाणी उतरल्यावर तो होता तसाच उभा होता, ताडपत्रीसकट.

पाणी ओसरल्यावर

सगळ्यांना बेसमेंट एका रात्रीत कोरडे हवे होते. भाड्याने आणलेला डिझेल पंप मोठा होता, ते शक्यही होते. काकांनी दिवसाला एक तृतीयांशाहून अधिक उपसू दिले नाही. भिंतींबाहेरची माती अजून पाण्याने फुगलेली असते. आतले पाणी एकदम काढले तर तिचा रेटा एकट्या भिंतीवर आणि फरशीवर येतो आणि भिंत आत झुकते किंवा फरशी उचलते. तीन दिवस लागले, कुरकूर पुष्कळ झाली, भिंतीला तडा गेला नाही. 7 सप्टेंबरला गणपती खांबांच्या पार्किंगमध्ये, धुऊन काढलेल्या फरशीवर बसले.

12 मोटारी गेल्या त्या गेल्याच. मीटर दुसऱ्यांदा बदलावे लागले.

पोत्यांचे काय करायचे यावरही मतभेद झाले. मुलांनी वाळूचा ढीग खेळायला मागितला. डॉक्टर वहिनींनी तो ठाम नाकारला, कारण पुराच्या पाण्यात गटारे मिसळलेली होती आणि तीच वाळूत मुरली होती. दिवाळीपर्यंत पोती कोपऱ्यात वास मारत पडली आणि शेवटी फाटकाजवळ पेव्हर ब्लॉक बसवताना त्यांतील वाळू खाली भरावाला गेली. बांध घालतानाच तो मोडण्याचा आणि विल्हेवाटीचा खर्च धरावा लागतो, हे त्या वेळी कोणाच्या डोक्यात नव्हते.

वेगळे काय करता आले असते

पाइपावरचा व्हॉल्व्ह ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी करण्याजोगी गोष्ट होती. 26 च्या संध्याकाळीही, व्हॉल्व्ह नसताना, पाइपाचा सांधा सोडवून त्यात लाकडी डट्टा ठोकता आला असता. पाणी कुठून येऊ शकते याची एक फेरी, हातात टेप घेऊन, त्या दुपारी मारली असती तर पाइप आणि झरोके दोन्ही सापडले असते. आम्ही फक्त रॅम्प पाहिला, कारण 2019 मध्ये पाणी रॅम्पने येताना सर्वांनी पाहिले होते.

बांधाने पाचपासून बारापर्यंत सात तास मिळवून दिले, हे खरे. पण ते सात तास रस्ता बंद झाल्यानंतरचे होते. मोटारींसाठी त्यांचा शून्य उपयोग होता, पिण्याच्या पाण्यासाठी आणि दुचाकींसाठी होता. बांध घालण्यापूर्वी ‘हे तास कशासाठी हवे आहेत’ असे विचारले असते, तर संध्याकाळी साडेपाचला निम्मी माणसे पोती भरायला आणि निम्मी गाड्या काढायला लागली असती, आणि बाहेरगावच्या तीन घरांच्या किल्ल्यांसाठी फोनही त्याच वेळी गेले असते.

तीन फुटांऐवजी दोन फूट, हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. डिझेल पंप आधीच ताब्यात असता तर पाइपाचे उलटे पाणी त्याने काही तास झेलले असते, परंतु बारानंतर त्याचाही उपयोग नव्हता.

पुढे 2025 च्या पावसाळ्यापूर्वी शहरात विश्वामित्रीचे पात्र रुंद व खोल करण्याचे काम झाले. सोसायटीनेही वर्गणी काढून मुख्य पॅनेल पहिल्या मजल्याच्या पातळीवर नेले, पाइपाला व्हॉल्व्ह बसवला आणि झरोके दोन फूट वर उचलले. 150 रिकाम्या गोण्या आता जिन्याखालच्या कपाटात घडी करून ठेवल्या आहेत. सभेपुढे आणखी एक ठराव आला होता: पहिले पोते भरायला घेण्यापूर्वी बेसमेंटमधील शेवटची गाडी बाहेर गेली पाहिजे. तो मंजूर झाला, दोन सभासदांनी विरोधात मत नोंदवून. त्या दोघांच्याही गाड्या बुडालेल्या बारांत होत्या, आणि दोघांचे म्हणणे असे की झरोके आता वर गेले आहेत, तेव्हा या वेळी बांध तीन फुटांचा घालावा.